परदेशप्रवासातील औषधांचा डबा: डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही

भोपाळ शहरातून दक्षिणेकडे, कोलार धरणाच्या दिशेने जाणारा कोलार रोड हा गेल्या काही दशकांत वसाहतींनी, शाळांनी, रुग्णालयांनी आणि औषधांच्या दुकानांनी भरून गेलेला भाग आहे. १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, अनेक मराठी कर्मचारी कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. पुढे भेलच्या कारखान्याने आणि इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडून आलेल्या मराठी घरांनी त्यात भर घातली. त्या कुटुंबांतील आजची ज्येष्ठ पिढी निवृत्त आहे आणि मुले न्यू जर्सी, दुबई, सिंगापूर, सिडनी अशी पांगलेली आहेत. नातवंडाच्या जन्माच्या वेळी किंवा हिवाळा टाळण्यासाठी आईवडील परदेशी निघतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाखालोखाल मोठी खरेदी होते ती औषधांची. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, झोप, आम्लपित्त या साऱ्यांच्या सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या जातात. भोपाळहून निघणाऱ्या बहुतेकांना आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. औषधांचा तो डबा तिथून दुबई किंवा दोहामार्गे पुढे जातो.

गोव्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. बार्देश असो वा सासष्टी, आखातात, इंग्लंडमध्ये, पोर्तुगालमध्ये किंवा बोटीवर कोणी नाही असे घर शोधावे लागेल. दाबोळी किंवा मोपाहून निघणाऱ्या सामानात औषधांची पिशवी असतेच. ती पिशवी भारतीय कायद्याच्या चौकटीत भरलेली असते आणि उघडली जाते दुसऱ्याच कायद्यासमोर. अडचण नेमकी तिथे सुरू होते.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील हल शहरातील एक महिला इजिप्तमधील हुरघाडा विमानतळावर उतरली. तिच्याजवळ ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधाच्या २९० गोळ्या होत्या. पाठदुखीने त्रस्त असलेल्या आपल्या इजिप्शियन जोडीदारासाठी त्या आणल्या, असे तिचे म्हणणे होते. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारे हे औषध इजिप्तमध्ये कठोर निर्बंधाखाली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने तिला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली आणि तिची सुटका व्हायला २०१९ उजाडले. त्याआधी, जून २०१५ मध्ये, टोयोटा कंपनीच्या जनसंपर्क विभागाच्या प्रमुख जुली हॅम्प यांना टोकियोत अटक झाली. अमेरिकेहून त्यांच्या नावे टपालाने आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या गोळ्या सापडल्या होत्या. पुढे खटला न भरता त्यांना सोडण्यात आले. परंतु दरम्यान त्यांनी पदाचा राजीनामा दिला होता. जगातील एका बलाढ्य कंपनीतील अधिकारपद आणि दिमतीला असलेले वकीलही अटक टाळू शकले नाहीत. कोलार रोडवरील निवृत्त शिक्षकाने किंवा डिचोलीतील गृहिणीने अशा प्रसंगी कोणावर विसंबावे?

एकच गोळी, अनेक कायदे

औषधांवरील आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा पाया दोन करारांवर उभा आहे. १९६१ चा करार अफू, मॉर्फिन, कोडीन यांसारख्या गुंगीकारक द्रव्यांविषयी आहे आणि १९७१ चा करार मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांविषयी. या करारांची देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ व्हिएन्ना येथे आहे. झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी भारतात सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या, तसेच फेफऱ्यावरील क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटोन ही सारी १९७१ च्या कराराच्या यादीत मोडतात. ‘डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी झोपेची गोळी’ असे घरात ज्याला म्हटले जाते, ते सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालील द्रव्य असते.

गुंतागुंत येथेच संपत नाही. करार हा किमान पाया आहे. त्यावर प्रत्येक देश आपापली यादी वाढवतो. ट्रॅमाडॉल हे या दोन्ही करारांच्या याद्यांत नाही. तरीही इजिप्तने त्यावर स्वतःचे निर्बंध घातले, आखाती देशांनी घातले आणि भारतानेही एप्रिल २०१८ मध्ये ते १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. प्रीगॅबालिनचे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. मधुमेहामुळे पायांची आग होणे, मुंग्या येणे यावर हे औषध भारतात लाखो रुग्ण घेतात. ते वेदनाशामकांच्या रूढ अर्थाने ‘नशेचे’ औषध कोणालाच वाटत नाही. पण ब्रिटनने १ एप्रिल २०१९ पासून प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन ही दोन्ही नियंत्रित औषधे ठरवली आहेत, आणि संयुक्त अरब अमिरातीतही प्रीगॅबालिन नियंत्रित आहे. वीस वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला आपल्या डब्यात असे काही आहे याची कल्पनाही नसते.

भारतीय बाजारातील नाममुद्रांमुळे ही अनभिज्ञता वाढते. रुग्ण गोळीला तिच्या बाजारातील नावाने ओळखतो, तर परदेशातील कायदा तिच्या आतील द्रव्याला ओळखतो. अल्ट्रासेट हे अंगदुखीचे औषध म्हणून घरात पडून असते; त्यात पॅरासिटामॉलसोबत ट्रॅमाडॉल असते. पोटातील कळेसाठी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या काही कॅप्सूलमध्येही ट्रॅमाडॉल असते. जुलाबावरील लोमोटिलमध्ये डायफेनॉक्सिलेट असते आणि ते १९६१ च्या कराराच्या यादीत आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. याउलट रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, थायरॉईडची गोळी यांच्याबाबत प्रश्न सहसा फक्त प्रमाणाचा आणि कागदपत्रांचा असतो. म्हणजे सगळ्या डब्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. त्यातील दोन-तीन नेमकी नावे ओळखणे महत्त्वाचे.

यात एक योगायोगही आहे. कोडीन ज्या अफूपासून बनते तिची परवानाधारक शेती भारतात ज्या भागांत होते, त्यांत मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच हा माळव्याचा पट्टा अग्रस्थानी आहे. अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमच येथे आहे आणि या शेतीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांचे निर्बंध चुकवून माळव्याची अफू चीनकडे जाई ती पोर्तुगिजांच्या दमण बंदरातून. अफूच्या सीमा ओलांडण्याशी माळवा आणि पोर्तुगीज भारत या दोघांचाही जुना संबंध आहे. फरक इतकाच की त्या काळी व्यापारी श्रीमंत होत, आज खोकल्याच्या बाटलीपायी प्रवासी अडचणीत येतो.

कोणत्या देशात काय चालते

आखाताचा नियम गोमंतकीयांसाठी सर्वांत निकडीचा. संयुक्त अरब अमिरातीत गुंगीकारक किंवा नियंत्रित औषध नेण्यापूर्वी तेथील सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल आणि पासपोर्टची प्रत ही त्यासाठीची मुख्य कागदपत्रे. सौदी अरेबियातही अन्न व औषध प्राधिकरणाची अशीच परवान्याची व्यवस्था आहे. उमराह किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांना ती लागू होते. केवळ विमान बदलण्यासाठी दुबईत उतरणाऱ्यांनीही आपण कायद्याबाहेर आहोत असे समजू नये. हातातील पिशवी तेथेही क्ष-किरण यंत्राखालून जाते. अमेरिकेला निघालेल्या भोपाळच्या दांपत्याने अमेरिकेचे नियम पाहिले आणि वाटेतील देशाचे पाहिले नाहीत, तर अर्धेच काम झाले.

सिंगापूरमध्ये कोडीन, डायझेपाम यांसारखी द्रव्ये असलेली औषधे नेण्यापूर्वी तेथील आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची परवानगी लागते. जपानची रीत आणखी वेगळी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील सामान्य औषधे एक महिन्यापुरती बिनपरवाना नेता येतात. त्याहून अधिक हवी असतील तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचे आयात प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. अवधानाच्या विकारावर अमेरिकेत मुलांना दिली जाणारी अ‍ॅम्फेटामिनयुक्त औषधे जपानमध्ये चिठ्ठी असली तरी पूर्णतः निषिद्ध आहेत. सर्दीच्या औषधात सुडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तेही चालत नाही.

ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध तीन महिन्यांपर्यंतचे असेल तर ते आपल्यासाठीच लिहून दिले आहे हे दाखवणारे डॉक्टरांचे पत्र पुरते. त्याहून अधिक असेल तर गृहखात्याचा परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांची औषधे चिठ्ठीसह नेता येतात.

अमेरिकेतही सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची मानली जाते, आणि खरा पेच येथे उभा राहतो. आईवडिलांना मिळणारी मुक्कामाची मुदत बहुधा सहा महिन्यांची असते. उरलेल्या तीन महिन्यांचे काय? बहुतेक घरांनी शोधलेला मार्ग म्हणजे भारतातून कुरियर. हा मार्ग जितका प्रचलित तितकाच कच्चा आहे. परदेशातून टपालाने औषध मागवणे अमेरिकी कायद्याला सामान्यतः मान्य नाही आणि असे पार्सल सीमाशुल्क खात्यात अडवले जाऊ शकते. त्यात झोपेची किंवा वेदनाशामक नियंत्रित गोळी असेल तर प्रश्न केवळ पार्सल अडकण्याचा राहत नाही. त्यापेक्षा पहिल्या महिन्यातच तेथील डॉक्टरांना दाखवून तेथील चिठ्ठी घेणे श्रेयस्कर. रक्तदाब-मधुमेहाची बरीच जुनी औषधे अमेरिकेतही मूळ द्रव्याच्या नावाने स्वस्त मिळतात. महाग असते ती डॉक्टरांची भेट, आणि तिचा खर्च प्रवास-विम्यात बसेलच असे नाही. काही औषधे तेथे मिळणारच नाहीत, हेही आधी जाणून घ्यावे. भारतात तापासाठी सर्रास दिले जाणारे निमेसुलाइड अमेरिकेत मान्यताप्राप्त नाही.

चिठ्ठीवर काय असावे

भारतातील डॉक्टरांची चिठ्ठी ही बहुधा डॉक्टर आणि शेजारचा औषधविक्रेता या दोघांतील खासगी संवाद असतो. तिच्यावर रुग्णाचे नाव ‘मिसेस जोशी, ६२’ एवढेच. औषधाचे नाव बाजारातील. अक्षर असे की ते त्या गल्लीबाहेर कोणाला लागू नये. परदेशी विमानतळावर हा कागद निरुपयोगी. चिठ्ठीवरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. मराठी घरांत ही अडचण विशेष, कारण पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते आणि दवाखान्यात सारे टोपणनावाने किंवा नुसत्या आडनावाने ओळखतात. औषधाचे मूळ द्रव्यनाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, किती दिवसांसाठी, कोणत्या आजारासाठी हे सारे इंग्रजीत आणि सुवाच्य हवे. शिवाय डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख. यात डॉक्टरांवर उपकाराचे ओझे टाकल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. द्रव्यनाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला आहे.

दुसरी सवय गोळ्या वेष्टनातून काढून ठेवण्याची. वारांचे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा घरी उत्तम. विमानतळावर मात्र त्यातील पांढऱ्या गोळ्या ओळख नसलेल्या असतात. औषधविक्रेताही मागणीप्रमाणे पट्टी कापून देतो आणि नेमका नाव किंवा मुदतीची तारीख असलेला तुकडा दुकानात राहतो. परदेशी जाण्यासाठी घेताना पूर्ण पट्ट्या, मूळ खोक्यासह आणि बिलासह घ्याव्यात. खोक्यांनी पिशवी फुगते, हे खरे. फुगू द्यावी.

औषधे नेहमी हातातील पिशवीत असावीत. सामान हरवले तर उपचार खंडित होतो, हे त्यामागचे एक कारण. इन्सुलिनच्या बाबतीत दुसरे कारण अधिक गंभीर. विमानाच्या मालकप्प्यातील थंडीत ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरण्याजोगे राहत नाही. विमानात १०० मिलिलिटरहून अधिक द्रव नेता येत नाही, परंतु आवश्यक औषधांना तपासणीनंतर त्यातून सूट मिळते. इन्सुलिन, सुया आणि पेन यांसाठी डॉक्टरांचे पत्र हाताशी ठेवावे.

नियम वाचून घाबरलेल्या काही रुग्णांच्या मनात येते की झोपेची किंवा फेफऱ्याची गोळी न नेताच गेलेले बरे. हा सर्वांत घातक मार्ग. क्लोनाझेपामसारखी औषधे दीर्घकाळ घेऊन अचानक थांबवली तर झटके येण्याचा धोका असतो, फेनोबार्बिटोनचेही तसेच. निर्बंध असलेले औषध नेता येत नसेल तर पर्यायी औषध कोणते आणि ते टप्प्याटप्प्याने कसे बदलायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. त्यासाठी प्रवासाआधी काही आठवडे लागतात. तिकीट काढताना या वेळेचा हिशेब कोणी करत नाही, हीच मेख आहे.

फराळ, काढे आणि शेजाऱ्याचे पाकीट

औषधांच्या डब्याशेजारीच स्वयंपाकघराचा डबा असतो आणि तोही निर्दोष नसतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूर या देशांत ती नेण्यास बंदी आहे. भोपाळच्या मराठी घरातून दिवाळीला जाणारे अनारसे खसखशीवर थापलेले असतात. गोव्यातील शागुतीच्या वाटपातही खसखस असते. दुबईतील मुलासाठी आईने प्रेमाने भाजून-दळून दिलेला मसाला त्या देशाच्या कायद्यात बसतो का, हे विचारावेच लागते. अनारसे साखरेचे करावेत, शागुतीचा मसाला खसखशीविना दळावा.

आयुर्वेदिक औषधे ‘नैसर्गिक’ म्हणून निःशंकपणे नेली जातात. जातिफलादि चूर्ण पोटाच्या तक्रारींवर घेतले जाते आणि त्यात भांग असते. ग्रंथोक्त कर्पूर रसात अहिफेन, म्हणजे अफू असते. वेष्टनावर ‘विजया’ किंवा ‘अहिफेन’ असे संस्कृत नाव असल्याने रुग्णाला ते कळत नाही. प्रयोगशाळेला मात्र द्रव्य कळते. वैद्यांकडून घटकद्रव्यांची यादी विचारून घ्यावी आणि सुटी चूर्णे, पुड्या शक्यतो नेऊच नयेत.

आणि मग दुसऱ्याचे सामान. ‘आमच्या बाळूसाठी एवढ्या गोळ्या न्या ना’ असे शेजारी म्हणतो तेव्हा नकार देणे आपल्या समाजात जड जाते. पण चिठ्ठी एकाची आणि गोळ्या दुसऱ्याच्या पिशवीत, या स्थितीत कोणतेही स्पष्टीकरण टिकत नाही. २०१९ मध्ये मुंबईतील एका नवदांपत्याला एका नातलग महिलेने मधुचंद्रासाठी कतारला पाठवले आणि सोबत एक पाकीट दिले. दोहा विमानतळावर त्यातून चार किलोहून अधिक चरस निघाली. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या मुलीचा जन्म तुरुंगातच झाला. भारतातील तपासातून ते निर्दोष असल्याचे पुढे आले आणि २०२१ मध्ये ते सुटून परतले. तिथे औषध नव्हते, अमली पदार्थ होता. परंतु घरच्या माणसाने दिलेले पाकीट न उघडता नेण्याची रीत तीच होती.

परतीच्या प्रवासाकडे तर कोणाचे लक्षच नसते. अमेरिकेतील अनेक राज्यांत गांजातील द्रव्य असलेल्या गोड गोळ्या आता दुकानात राजरोस मिळतात; न्यू जर्सीत प्रौढांसाठी अशी विक्री एप्रिल २०२२ पासून सुरू आहे. बाबांना झोप लागत नाही म्हणून मुलगी अशी एखादी बरणी घेऊन देते आणि ती बरणी मेलाटोनिनच्या बरणीसारखीच दिसते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला ती मान्य नाही, आणि मुंबईत किंवा मोपाला उतरल्यावर १९८५ चा भारतीय कायदा लागू होतो. बॅग भरताना बरणीवरील बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे आणि त्यावर ‘टीएचसी’ असे लिहिलेले आढळल्यास ती तिथेच ठेवून यावी.